मणी घडविणारा प्राध्यापक

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या अंबरनाथच्या घरात बुंदीचे घाणे निघू लागत. आई कढईवर झारा धरी, मी वरून पीठ ओतत असे आणि ती झाऱ्याचा दांडा एका ठेक्यात कढईच्या काठावर आपटत राही. पहिला घाणा निघाला की तो परातीत पसरून ती चष्म्यावरून निरखून बघे. काही दाणे मोठे, काही बारीक, काही शेपटीवाले. बारीक दाणे करपलेले असत आणि मोठे आतून कच्चे. पाकात टाकल्यावरही तीच तऱ्हा. एक दाणा पाक पिऊन फुगे, दुसरा कोरडाच राही. आम्हाला लाडवाशी मतलब होता. आईला मात्र दाणा एकसारखा पडल्याशिवाय समाधान नसे. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागलेला, त्यामुळे जरा शिष्टपणाने तिला सांगत असे, की पीठ पातळ-घट्ट करून पाहा, आच कमी कर. ती ऐकून घेई आणि करायचे तेच करी.

तिचा हा हट्ट किती शास्त्रीय होता, ते मला पुढे १९८३ साली कळले, आणि तेही चांगलेच ठेच लागून.

मी तेव्हा एका छोट्या रसायन कारखान्यात केमिस्ट होतो. आमचा धंदा भिंतीच्या रंगात पडणाऱ्या इमल्शनचा. दुधासारखा पांढरा द्रव, त्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटून भिंतीवर पापुद्रा धरतात. या कामात कण लहानमोठे असले तरी कोणाचे अडत नाही. पण मालकांच्या मनात एक नवे काम आले. प्रथिने शुद्ध करणाऱ्या प्रयोगशाळा परदेशातून काही खास नळ्या मागवीत. त्या नळ्यांत प्लास्टिकचे मणी ठासून भरलेले असत. मणी दहा मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. सगळे एका मापाचे आणि कोणत्याही द्रावणात न विरघळणारे. हे मणी आपल्याकडे झाले तर किती परकीय चलन वाचेल, असा मालकांचा हिशेब होता. काम माझ्याकडे आले आणि मी हरखलो.

सहा महिने मी त्यामागे होतो. मद्यार्कात स्टायरिन विरघळवायचे, कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा एक पदार्थ घालायचा, क्रिया सुरू करणारे रसायन टाकायचे आणि सत्तर अंशांवर रात्रभर हलकेच ढवळत ठेवायचे, ही रीत मी वाचली होती. मणी विरघळू नयेत म्हणून त्यात डायव्हिनिलबेंझिन नावाचे रसायनही मी पहिल्यापासूनच मिसळत होतो. रात्रपाळीच्या वॉचमनबरोबर चहा पीत मी चंबूपाशी बसत असे. सकाळी बघावे तो ढवळणीला पांढरा गोळा चिकटलेला. कधी नशिबाने दूध जमलेच, तर सूक्ष्मदर्शकाखाली वाटाण्याशेजारी मोहरी आणि मोहरीशेजारी खसखस. शेवटी मालकांनी शांतपणे सांगून काम बंद केले. फाइल कपाटात गेली. मी रंगाच्या इमल्शनकडे परतलो, पण मनातली बोच काही गेली नाही.

ग्रंथालयातली एक दुपार

दोनेक वर्षांनी बहिणीकडे पुण्याला गेलो असता राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात जाण्याचा योग आला. तिथे जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांत मला १९८० सालचा एक लांबलचक लेख सापडला. लेखक नॉर्वेचे होते आणि पहिले नाव होते जॉन उगेलस्टाड. लेखात समीकरणे होती, आलेख होते. पण माझी नजर खिळली ती छायाचित्रांवर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून टिपलेले मणी, ओळीने मांडलेले, जणू एकाच साच्यातून काढलेले. लहान नाही, मोठा नाही, शेपटीवाला तर नाहीच. आईच्या परातीत असा घाणा पडला असता तर तिने तो शेजारीपाजारी दाखवायला नेला असता.

मी जेवायचे विसरून तो लेख वाचला. जिथे माझी गाडी चिखलात रुतली होती, तिथून हा माणूस कसा सुटला, हे समजून घ्यायचे होते. तेव्हापासून हे नाव माझ्या मागे लागले आहे. त्यांना मी कधी भेटलो नाही. त्यांच्या कामातूनच जी ओळख झाली ती झाली. आपल्याकडे रसायनशास्त्र शिकलेल्यांनाही हे नाव फारसे माहीत नसते; नॉर्वेत मात्र ‘उगेलस्टाडचे गोळे’ म्हणून ते आजही घेतले जाते.

उगेलस्टाड यांचा जन्म ५ मार्च १९२१ रोजी ट्रॉन्डहाइमला झाला. नॉर्वेच्या मध्यभागी, समुद्राच्या एका लांब खाडीकाठी वसलेले हे शहर. निडेल्वा नदीचा वळसा, जुने दगडी कॅथेड्रल, उतारावरची लाकडी घरे, आणि हिवाळ्यात दिवसाचे जेमतेम चार-पाच तासच सूर्यदर्शन. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या आणि ट्रॉन्डहाइम त्याच दिवशी त्यांच्या ताब्यात गेले. उगेलस्टाड तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. त्यांच्या पिढीचे तारुण्य असे परक्यांच्या पहाऱ्याखाली सुरू झाले, आणि युद्ध संपल्यावर देश पुन्हा उभा करण्याचे ओझेही त्याच पिढीच्या खांद्यावर आले.

या शहरात १९१० पासून नॉर्वेची तंत्रशास्त्र संस्था होती. उगेलस्टाड तिथेच शिकले, तिथेच प्राध्यापक झाले आणि तिथेच त्यांनी आयुष्याचे मोठे काम केले. शेजारीच १९५० मध्ये स्थापन झालेली सिंटेफ ही संशोधन संस्था होती. विद्यापीठातली कल्पना आणि कारखान्यातली गरज यांची गाठ घालून देणे, हे सिंटेफचे काम. उगेलस्टाड यांच्या कहाणीत या शेजाराला फार महत्त्व आहे.

त्यांचे सुरुवातीचे काम रासायनिक क्रियांच्या वेगाचे. कोणत्या द्रावणात कोणती क्रिया किती झपाट्याने होते, याचा बारकाईने हिशेब. त्या १९६०च्या दशकातल्या निबंधांवर आर्विड बर्गे आणि टुरिड एलिंगसेन ही सहकाऱ्यांची नावे दिसतात, आणि पुढे मण्यांवरच्या निबंधांवरही तीच नावे आहेत. इतकी वर्षे एकाच प्राध्यापकाबरोबर माणसे टिकली, यातूनही त्या प्राध्यापकाविषयी काही कळतेच.

मग ते इमल्शनकडे वळले. नळ, पाइप, फरशा, रेनकोट यांतून घरोघरी पोहोचलेले पीव्हीसी इमल्शनमधून कसे तयार होते, त्यातले कण जन्माला कसे येतात, किती येतात आणि का वाढतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय झाला. कणांच्या जन्माविषयीच्या एका सिद्धान्ताला आजही चार शास्त्रज्ञांच्या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्यातले एक अक्षर उगेलस्टाड यांचे आहे. रंगाच्या कारखान्यात माझ्यासारखे लोक जे अंदाजपंचे करीत होते, त्याची मुळे हा माणूस शोधत होता.

साबुदाणा भिजवण्याची युक्ती

अडचण काय होती ते आधी सांगतो. पॉलिमर म्हणजे एकाच जातीच्या लहान रेणूंची लांबच लांब साखळी. स्टायरिनचे सुटे रेणू एकामागून एक जोडले गेले की पॉलिस्टायरिन होते. या साखळ्या शिजवलेल्या शेवयांसारख्या असतात. एकमेकींत गुंतलेल्या, पण बांधलेल्या नाहीत. योग्य द्रावण मिळाले की त्या सुट्या होऊन विरघळून जातात. त्या बांधायच्या असतील तर डायव्हिनिलबेंझिनसारखा, दोन्हीकडे हात असलेला रेणू लागतो. तो एका हाताने एक साखळी धरतो, दुसऱ्या हाताने दुसरी. गोधडीला आडवे टाके घालावेत तसे हे. टाके पडले की मणी द्रावणात फुगेल, पण विरघळणार नाही आणि त्याचा आकारही मोडणार नाही.

म्हणजे मागण्या दोन होत्या. मणी एका मापाचे हवेत आणि त्यांना टाके हवेत. आणि या दोन मागण्यांचे आपसात पटत नाही. माझ्या रीतीत मद्यार्कात विरघळलेले स्टायरिन आधी सरबतासारखे स्वच्छ असते. साखळ्या लांब झाल्या की त्या मद्यार्कात मावत नाहीत, एकत्र येऊन कण जन्माला येतात आणि सरबताचे दूध होते. हे सारे कण थोड्या वेळात एकदमच जन्मले आणि मग नवा कण न येता तेवढेच वाढत राहिले, तर सगळे एका वयाचे आणि एका मापाचे होतात. पण जन्माच्या त्या नाजूक घटकेलाच टाके घालणारा रेणू हजर असला तर सगळाच घोळ होतो. वरणात चिंच आधी घातली की डाळ शिजत नाही, तशातला प्रकार. ती मागाहून घालायची असते. या रीतीत टाक्यांचे रसायन कणांचा जन्म उरकल्यावरच घालावे, हे पुढच्या काळातल्या संशोधकांनी नीट दाखवून दिले. मी १९८३ मध्ये चिंच पहिल्यापासून घालीत होतो.

उगेलस्टाड यांनी निराळी वाट धरली. तिची सुरुवात १९७३ च्या एका छोट्या निबंधात दिसते. तो त्यांनी अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाच्या मोहमद एल-आसर आणि जॉन व्हँडरहॉफ यांच्यासह लिहिला. तोवर अशी समजूत होती की इमल्शनमधले स्टायरिनचे थेंब म्हणजे नुसती कोठारे. पॉलिमर तयार होते ते दुसरीकडे. या तिघांनी दाखवले की थेंब पुरेसे बारीक केले तर पॉलिमर थेट थेंबातच तयार होऊ शकते. थेंबांच्या पोटात काय चालते, कोण आत शिरते आणि कोण आत अडकून राहते, या विचारातूनच पुढची युक्ती निघाली.

युक्ती अशी. अर्ध्या मायक्रॉनचे, एकसारखे आणि बिनटाक्यांचे बारीक मणी करणे तेव्हा जमत होते. हे झाले बियाणे. त्याला स्टायरिन पाजून फुगवावे तर ते फार पीत नाही. स्वतःच्या आकारमानाच्या दोन-चार पट प्याले की त्याचे पोट भरते, कारण आतल्या लांब साखळ्या फार जागा देत नाहीत आणि वरची त्वचा ताणायला तयार नसते. उगेलस्टाड यांनी गणित मांडून पाहिले, की मण्याच्या पोटात आधीच एखादा लहान रेणूचा आणि पाण्याला अजिबात न मानणारा पदार्थ नेऊन ठेवला तर काय होईल? त्यांच्या समीकरणांनी उत्तर दिले, की मग तोच मणी आकारमानाने हजार पट फुगू शकेल. लहान रेणूंची ती गर्दी बाहेरच्या स्टायरिनला आत ओढते, आणि स्वतः पाण्यातून बाहेर पडू शकत नाही.

पण जो पदार्थ पाण्याला मानत नाही, तो पाण्यातून मण्यापर्यंत पोहोचणार कसा? त्यासाठी त्यांनी पाण्यात थोडे अॅसिटोन मिसळले. अॅसिटोनच्या आधाराने पदार्थ मण्यांत शिरला की अॅसिटोन काढून टाकायचे. परतीचा रस्ता बंद. मग स्टायरिन आणि टाक्यांचे डायव्हिनिलबेंझिन सावकाश पाजायचे. सगळे बियाणे एका मापाचे असल्याने सगळे सारखेच फुगतात, आणि पूर्ण फुगल्यावरच ऊब देऊन टाके पक्के करायचे. साबुदाणा जातीचा एकसारखा असला आणि नीट भिजला की खिचडीत दाणा न् दाणा मोकळा राहतो, तसेच हे. आकारमान हजार पट वाढले की व्यास दहा पट होतो. अर्ध्या मायक्रॉनचा मणी पाच मायक्रॉनचा होतो. आत काही निष्क्रिय द्रव मिसळून तो शेवटी धुऊन काढला, तर मण्यात स्पंजासारखी छिद्रेही ठेवता येतात.

हे १९७६ च्या सुमारास साधले आणि पुढच्या चार वर्षांत त्याचे निबंध आले. माझ्या फसलेल्या चंबूंची कारणे त्यात मला एकेक करून सापडली.

अवकाशयान आणि चंबू

इथे कथेत एक गमतीदार वळण आहे. त्याच काळात अमेरिकेत व्हँडरहॉफ आणि एल-आसर हेही एकसारख्या मोठ्या मण्यांच्या मागे होते. त्यांची रीत पायरी-पायरीने मणी वाढविण्याची. त्यात अडथळा गुरुत्वाकर्षणाचा. स्टायरिन पाण्याहून हलके, म्हणून स्टायरिन प्यालेला मणी सायीसारखा वर येतो. पॉलिस्टायरिन पाण्याहून किंचित जड, म्हणून तयार झालेला मणी खाली बसतो. ढवळावे तर मणी एकमेकांवर आपटून चिकटतात. यावर उपाय म्हणून त्यांनी वजनच नाहीसे करायचे ठरवले. ‘नासा’च्या मदतीने मणी करणारे एक यंत्र मार्च १९८२ मध्ये कोलंबिया या अवकाशयानातून वर गेले. पुढच्या काही उड्डाणांतही ते गेले आणि दहा मायक्रॉनचे सुरेख मणी घेऊन परतले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने हे मणी मोजमापाचे प्रमाण म्हणून विक्रीला काढले. अवकाशात बनून पृथ्वीवर विकली गेलेली ही पहिली वस्तू.

ते कामही मोठेच होते. पण जे करायला अमेरिकेला पृथ्वी सोडावी लागली, ते ट्रॉन्डहाइमच्या प्राध्यापकाने जमिनीवर, साध्या चंबूत, काही वर्षे आधी केले होते. मणी एकाच खेपेत हवा तेवढा फुगत असल्याने पायऱ्या वाचल्या, आणि पायऱ्या वाचल्या म्हणजे चिकटण्याचे प्रसंगही टळले. एके काळी एकाच निबंधावर सही करणारे हे मित्र दोन वाटांनी गेले आणि दोघेही पोहोचले. माझ्यासारख्या जमिनीवरच्या माणसाला चंबूची वाट जवळची वाटते, इतकेच.

स्वीडनच्या फार्मसिया कंपनीने १९८२ मध्ये प्रथिने शुद्ध करण्याच्या ज्या नव्या नळ्या बाजारात आणल्या, त्यांत दहा मायक्रॉनचे एकसारखे मणी होते, आणि त्यांच्या मुळाशी उगेलस्टाड यांचीच रीत होती. म्हणजे १९८३ मध्ये अंबरनाथला मी ज्या मालाची नक्कल करायला निघालो होतो, तो माल मुळात याच माणसाचा होता. हे कळले तेव्हा मला हसावे की रडावे ते कळेना.

लोखंड पोटात घेतलेला मणी

उगेलस्टाड इथेच थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांनी आणि सहकाऱ्यांनी छिद्रे असलेल्या मण्यांत लोखंडाचे क्षार शिरवले आणि आतल्या आतच त्याचे चुंबकीय लोह-ऑक्साइड बनवले. मग छिद्रे बुजवून वरून पॉलिमरचे पांघरूण घातले. आतले लोहकण इतके बारीक, की मणी चुंबकाजवळ नेला की ओढला जातो आणि चुंबक बाजूला केला की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. त्यामुळे मणी एकमेकांना चिकटून गठ्ठा होत नाही. वरच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे बसवली, की त्याला रक्तातली ठराविक पेशी ओळखून पकडता येते. प्रत्येक मणी एका मापाचा, म्हणून प्रत्येकावर प्रतिपिंडे सारखी, लोखंड सारखे आणि चुंबकाकडे धावण्याचा वेगही सारखा. एकाची परीक्षा केली की लाखांची खात्री पटते. एकसारखेपणाचे महत्त्व आहे ते असे. दिसण्यासाठी ते नव्हते.

लंडनच्या बाल-आरोग्य संस्थेत जॉन केमशेड हे संशोधक लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगावर काम करीत होते. हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना गाठतो. तो पसरला असेल तर फार जहाल औषधे द्यावी लागतात, आणि ती औषधे रोगाबरोबर हाडांतली मज्जाही जाळून टाकतात. म्हणून मुलाची मज्जा आधी काढून जपून ठेवायची आणि औषधानंतर परत द्यायची, असा मार्ग होता. धास्ती ही, की त्या मज्जेतच रोगाच्या पेशी लपलेल्या असतील तर? आपल्या हाताने आपणच रोग परत घालायचा!

केमशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उगेलस्टाड यांचे चुंबकीय मणी त्या मज्जेत मिसळले. मण्यांनी रोगाच्या पेशी धरल्या, चुंबकांनी मणी धरून ठेवले आणि उरलेली मज्जा पुढे वाहत गेली. हा निबंध १९८४ च्या आरंभी ‘लॅन्सेट’मध्ये आला. लेखकांच्या यादीत उगेलस्टाड यांचेही नाव होते. पीव्हीसीच्या कणांचा हिशेब मांडणारा इंजिनिअर लहान मुलांच्या उशाशी येऊन उभा राहिला होता.

ऑस्लोच्या रुग्णालयांतही काम सुरू झाले. अवयवरोपणाआधी दाता आणि रुग्ण यांचे ऊतक जुळते का, हे पाहण्याची चाचणी या मण्यांमुळे जलद झाली. १९८६ मध्ये मणी बनवून विकण्यासाठी ‘डायनाल’ ही कंपनी निघाली. तिच्या दोन पालकांपैकी एक होती डायनो, मूळची सुरुंगाची दारू बनविणारी जुनी कंपनी. डोंगर फोडणाऱ्यांच्या घरातून पेशी वेचणारे मणी बाहेर पडले. कंपनीचे मालक पुढे बदलत गेले. मणी ‘डायनाबीड्स’ या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत.

आता जे सांगायचे आहे ते टाळून चालणार नाही. मज्जा धुण्याच्या त्या उपायाची पुढे अमेरिकेत नीट चाचणी झाली. मोठ्या संख्येने मुले घेऊन, निम्म्यांना धुतलेल्या पेशी आणि निम्म्यांना न धुतलेल्या, अशी. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. ज्या कामाने मण्यांना नाव मिळवून दिले, ते काम मुलांचे आयुष्य वाढवायला उपयोगी ठरले नव्हते. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. त्या काळी ज्या आईबापांनी या मण्यांवर भरवसा टाकला, त्यांचा विचार मनातून जाईना. पण शास्त्राची वाट अशीच असते. आशा खरी असावी लागते आणि तिची परीक्षाही खरी असावी लागते. उपाय मागे पडला, मणी मात्र उरला. कारण तो चोख होता.

आणि त्याला दुसरे काम मिळाले. कर्करोगाशी लढण्यासाठी रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांच्यात बदल करून परत देण्याचे उपचार गेल्या काही वर्षांत आले. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. बाहेर काढलेल्या टी पेशींना जागे करून त्यांची संख्या वाढवावी लागते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी वापरले ते दोन प्रकारची प्रतिपिंडे ल्यालेले हेच मणी. त्यांचा आकार पेशीच्या जवळपासचा असल्याने टी पेशीला तो सोबतीच वाटतो. काम झाले की चुंबक लावून मणी काढून घेतात. आपल्या पवईच्या आयआयटीत जन्मलेल्या आणि टाटा रुग्णालयात पारखलेल्या अशा जातीच्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा ती बातमी मी कात्री घेऊन कापून ठेवली. जुनी सवय.

उगेलस्टाड यांनी हे काही पाहिले नाही. ३ एप्रिल १९९७ रोजी ते गेले. त्यांची संस्था त्याच्या आदल्याच वर्षी मोठ्या विद्यापीठात विलीन झाली होती. तिथे २००२ मध्ये त्यांच्या नावाची प्रयोगशाळा सुरू झाली. आपल्या मण्यांनी कोणाकोणाच्या घरी दिवा राखला, याचा हिशेब त्यांना कधी मिळणार नव्हता, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो मिळेल म्हणून त्यांनी काम केलेही नव्हते. त्यांना मणी एकसारखा का होत नाही, हे समजून घ्यायचे होते. समजल्यावर तो तसा करून दाखवायचा होता. पुढचे सगळे त्या चोखपणाच्या पोटी आले.

२०२० च्या पावसाळ्यात मला करोना झाला. नाकात काडी घालून नमुना नेला आणि दुसऱ्या दिवशी निकाल आला. एका विद्यार्थ्याला मी फोनवर विचारले, की इतके नमुने एकदम कसे तपासता? तो म्हणाला, की नमुन्यातला विषाणूचा अंश आता चुंबकीय मण्यांनी वेचतात, यंत्रच करते. ते मणी कोणत्या घराण्याचे होते, ते काही मी विचारले नाही. पण पडल्या पडल्या अंबरनाथचा तो गोळा झालेला चंबू मला आठवला.

आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिचा झारा आमच्याकडे आहे. दिवाळीत सून बुंदी पाडते आणि पहिला घाणा परातीत पसरून बघते. मी आता शिष्टपणे काही सांगायला जात नाही. लहानमोठे दाणे वेचून बाजूला काढण्याचे काम तेवढे माझ्याकडे असते.